खुराड्यातली ओल, कोंबड्यांचे खड्डे आणि घुशीची बिळे

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे मातीच्या जमिनीच्या खुराड्यांविषयी आहेत. कोणाकडे पाणी पाझरते, कोणाच्या कोंबड्यांनी जमीन उकरून चाळण केली आहे, तर कोणाच्या खुराड्यात भिंतीखालून बीळ करून काहीतरी आत शिरते आहे. त्यामुळे या अंकातील सदर या एकाच विषयासाठी ठेवले आहे. एकसारखी पत्रे एकत्र केली आहेत आणि लांब पत्रांचा मथितार्थ तेवढा दिला आहे.

प्रश्न : आमच्याकडे २५ गावठी कोंबड्या आहेत. दहा बाय बारा फुटांचे खुराडे आहे. खाली चिऱ्याचे दोन थर, वर जाळी आणि त्यावर एकपाखी पत्रा अशी बांधणी असून जमीन मातीची आहे. दर उन्हाळ्यात मी ती चोपून, शेणाने सारवून घेते; पण कोंबड्या आठ दिवसांत भिंतीच्या कडेने खड्डे पाडतात. जुलैत त्याच खड्ड्यांत पाणी साचते, वास सुटतो आणि डोळे चुरचुरतात. यंदा पाच आठवड्यांची सहा पिल्ले रक्ताची हगवण लागून गेली. शेजारी म्हणतात कोबा करा, घरचे म्हणतात खाली प्लॅस्टिकचा कागद अंथरा. नेमके काय करावे? – एक वाचक भगिनी, संगमेश्वर तालुका

उत्तर : ताई, आपण पत्रात खड्ड्यांची तक्रार आणि पाण्याची तक्रार अशा दोन तक्रारी लिहिल्या आहेत, परंतु माझ्या मते ती एकच तक्रार आहे, आणि तसे पाहिले तरच तिच्यावर कायमचा उपाय सापडतो. कोंबडी खेळ म्हणून किंवा खोडी म्हणून जमीन उकरत नाही. अंगावरच्या उवा आणि पिसवा झटकण्यासाठी व पिसांमधले जुने तेल शोषून घेण्यासाठी तिला सुक्या, भुसभुशीत मातीत लोळावे लागते. साधारणपणे एक-दोन दिवसांआड वीस मिनिटे ते अर्धा तास ती हे धूळस्नान करते. उन्हाळ्यात ती त्यासाठी आंब्याखाली, गोठ्यामागे, कोठेही जाते. परंतु मृगाचा पाऊस लागला की वाडीभर सुकी माती अशी एकाच ठिकाणी उरते, आणि ते ठिकाण म्हणजे खुराड्याच्या आतली, भिंतीलगतची जागा. मधल्या जागेत विष्ठा आणि पायांची वर्दळ असते, म्हणून ती कडेला जाते. म्हणजे पावसाळ्यात जेथे भिंतीचा पाया सर्वांत जपायला हवा, नेमकी तेथेच कोंबडी उकरते. पाया उघडा पडला, आतली जमीन बाहेरच्या अंगणापेक्षा चार बोटे खाली गेली, की बाहेरचे पाणी चिऱ्यांच्या सांध्यांतून आत उतरू लागते, कारण पाणी सखल जागा शोधते.

यात आणखी एक हात असतो आणि तो, क्षमा करा, आपला स्वतःचा असतो. दर एक-दोन महिन्यांनी आपण फावड्याने खुराडे खरवडून खत काढतो, तेव्हा विष्ठेबरोबर अर्धा बोट मातीही निघते आणि खताच्या ढिगावर जाते. दहा वर्षांचे खुराडे असेल तर या खरवडण्यानेच जमीन कितीतरी खाली गेलेली असते. उलट अंगणात दर वर्षी मातीची भर पडून ते वर येत राहते. आपण एक दोरी आणि पाण्याने भरलेली पारदर्शक नळी घेऊन आतली व बाहेरची पातळी एकदा ताडून पाहा. बहुतेक जुन्या खुराड्यांत आतली जमीन बाहेरच्यापेक्षा खाली असल्याचे मी पाहिले आहे, आणि तसे असेल तर कोबा, प्लॅस्टिक, चुना, राख यांपैकी कशानेही आपले खुराडे कोरडे होणार नाही.

ओल कोठून येते हे आधी ठरवावे लागते, कारण वरून, बाजूने, खालून आणि आतून अशा चार वाटांनी ती येते. वरून म्हणजे गळका पत्रा आणि झडीचा मारा; तो डोळ्यांना दिसतो. बाजूने म्हणजे अंगणातून वाहत येणारे पाणी. भर पावसात छत्री घेऊन दहा मिनिटे खुराड्याभोवती उभे राहिले, तर तेही दिसते, आणि हे काम कोरड्या दिवशी अंदाजाने करू नये. खालून येणारी ओल मात्र चकवते. तिच्यासाठी एक साधी परीक्षा आहे. खुराड्यातील दोन फूट चौरस जागा साफ करून तेथे प्लॅस्टिकचा तुकडा पसरावा, त्याच्या कडा दगडांनी दाबाव्यात आणि कोंबड्या उकरू नयेत म्हणून वर पाटी उपडी घालावी. दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिकच्या खालच्या अंगाला पाण्याचे थेंब असतील आणि माती काळपट झाली असेल, तर ओल जमिनीतून वर चढते आहे. वात जसे तेल वर ओढते तशी बारीक माती पाणी वर ओढते. मोठ्या खडीत मात्र पोकळ्या मोठ्या असल्याने पाणी असे चढत नाही.

आतून येणारी ओल सर्वांत दुर्लक्षित असते. २५ कोंबड्या दिवसाला सुमारे पाच लिटर पाणी पितात आणि अडीच किलोच्या आसपास ताजी विष्ठा टाकतात. या विष्ठेचा तीन चतुर्थांश भाग पाणीच असतो, आणि रात्रभर कोंबड्या दांडीवर बसलेल्या असताना त्यातील बराच भाग एकाच पट्ट्यात पडतो. म्हणून दांडीखाली जुना पत्रा किंवा फळी ठेवून ती रोज सकाळी खताच्या खड्ड्यात रिकामी केली, तरी खुराड्यातली ओल लक्षणीय कमी होते. पाण्याचे भांडे कोंबडीच्या पाठीच्या उंचीला येईल असे चिऱ्यावर ठेवावे, म्हणजे ते उपडे होत नाही आणि त्यात मातीही जात नाही.

आता पत्र्याचे पाणी. आपल्या खुराड्याचा पत्रा वळचणीसह सुमारे १५ चौरस मीटर भरेल. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. आपल्याकडे जुलैत दिवसाला १०० मिलिमीटर पाऊस ही काही नवलाची गोष्ट नाही, आणि तसा दिवस उजाडला की या एका पत्र्यावरून १,५०० लिटर, म्हणजे दोनशे लिटरची साडेसात पिंपे पाणी खाली येते. पाखे एकच असल्याने ते सगळे एकाच भिंतीच्या पायथ्याशी कोसळते. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्या हिशेबाने एका हंगामात त्या एका भिंतीच्या मुळाशी ४५,००० लिटरहून अधिक पाणी ओतले जाते. एवढे पाणी पागोळ्यांनी पडू दिले, तर ते मातीत खळगा पाडून पाया धुऊन नेणारच. पत्र्याच्या खालच्या कडेला पन्हळ लावावी आणि तिचे तोंड उताराच्या बाजूला काढावे. पीव्हीसी पाइप उभा चिरून तयार केलेली पन्हळसुद्धा चालते. वळचण भिंतीच्या पुढे निदान दोन फूट असावी.

आपण जे उपाय विचारले आहेत त्यांपैकी प्लॅस्टिकचा अनुभव मी स्वतः घेतला आहे आणि तो आपण घेऊ नये. फार वर्षांपूर्वी मी खुराड्याच्या जमिनीवर जाड कागद पसरला आणि त्यावर तूस घातले. खालची ओल वर येणे थांबले हे खरे, पण वरचे पाणी आणि विष्ठेचा ओलावा खाली जाण्याची वाटही बंद झाली, आणि तीन आठवड्यांत त्या कागदावर काळा चिखल तयार झाला. त्यातच कोंबड्यांनी कागद फाडून त्याचे तुकडे गिळले, ते वेगळेच. कोब्याविषयी माझे मत इतके टोकाचे नाही. घुशींपासून संरक्षण आणि धुण्याची सोय या दोन कारणांसाठी कोबा चांगला. परंतु जमिनीच्या पातळीवर, खाली दगडाचा थर न देता केलेला कोबाही ओल ओढून घेतो, आणि पातळी खाली असेल तर तो पाण्याने भरलेल्या परातीसारखा होतो. शिवाय कोब्यावर तुसाचा थर पातळ ठेवला तर कोंबड्यांच्या तळपायांना फोड येतात. कोबा करण्याचा खर्च करणारच असाल तर आधी जोते उंच करा. आणि जोते उंच झाल्यावर आपल्याला कोब्याची गरज वाटेलच असे नाही.

हा अंक हाती येईल तेव्हा पाऊस चालूच असेल, म्हणून आधी तातडीचे. भर पावसात माती खणून भराव घालू नये, चिखलच होतो. खुराड्याच्या चढाच्या बाजूला, भिंतीपासून तीन-चार फूट अंतरावर, फूटभर रुंदीचा चर खणावा. त्याचा तळ खुराड्याच्या जमिनीपेक्षा फूटभर तरी खाली असावा आणि त्याला उताराच्या बाजूला मोकळे तोंड द्यावे. भिंतीला अगदी लागून चर खणला तर पायाच ढासळतो. असे चर दगडांनी भरून बुजवण्याची पद्धत आहे, पण खुराड्याजवळ मी उघडा चर पसंत करतो, कारण दगडांच्या फटींत उंदीर आणि घुशी घर करतात. उघड्या चरातला पाला आठवड्यातून एकदा काढता येतो. आतले ओले तूस आणि वरचा काळा चिखल काढून टाकावा, खड्ड्यांत खडी आणि मुरूम भरून चोपावा आणि त्यावर सहा इंच जाडीची नवी गादी घालावी. कुक्कुटपालनाच्या पुस्तकांत या गादीला लिटर म्हणतात. पाणी लिटरने मोजणाऱ्या या सदरात घोटाळा नको म्हणून मी गादीच म्हणतो. गिरणीतले भाताचे तूस किंवा लाकडाचा कोरडा भुसा गादीसाठी उत्तम. अख्खा पेंढा वापरू नये, कारण तो दबून त्याच्या चटया होतात आणि त्यांत बुरशी धरते. झडीच्या बाजूला नारळाच्या झावळांची झापे बांधावीत, पण चारही बाजू बंद करू नयेत. ओल जाण्यासाठी वारा लागतो, आणि ज्या वासाने आपले डोळे चुरचुरतात तो अमोनिया जमिनीलगत राहणाऱ्या पिल्लांना आपल्यापेक्षा कितीतरी अधिक बाधतो.

हे काम करताना पायांत गमबूट आणि हातांत रबरी मोजे असू द्या, विशेषतः पायाला भेगा किंवा जखम असेल तर. उंदीर-घुशींच्या मूत्राने दूषित झालेल्या ओल्या मातीतून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि आपल्या भागात पावसाळ्यात तो अपरिचित नाही. चिखलात काम केल्यानंतर ताप आला तर अंगावर काढू नये, आणि डॉक्टरांना या कामाविषयी आवर्जून सांगावे.

पिल्लांविषयी. तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांना होणारी रक्ती हगवण आणि ओली गादी यांचा थेट संबंध आहे. रोगाचे सूक्ष्म बीज आजारी किंवा वरवर निरोगी दिसणाऱ्या कोंबडीच्या विष्ठेतून पडते, तेव्हा ते लगेच बाधक नसते; ऊब आणि ओल मिळाली की एक-दोन दिवसांत ते पक्व होऊन बाधा करते. कोरड्या गादीत ते पक्व होणे अवघड जाते. नेहमीच्या फिनाइलसारख्या द्रवांना हे बीज दाद देत नाही, त्यामुळे फवारणीवर विसंबून राहण्यात अर्थ नाही. उरलेल्या पिल्लांना ताबडतोब उंच, कोरड्या जागी, मोठ्या कोंबड्यांपासून वेगळे ठेवावे आणि पशुवैद्यकीय दवाखान्यातून सल्ला घ्यावा. या रोगावर पाण्यातून देण्याचे अॅम्प्रोलियम हे औषध आहे, पण मात्रा वयानुसार तेथूनच घ्यावी. हगवण दुसऱ्या कारणानेही असू शकते, म्हणून विष्ठेचा नमुना बरोबर न्यावा.

कायमचे काम दिवाळीनंतर, जमीन वाळल्यावर काढावे, म्हणजे मे अखेरपर्यंत भराव दबून बसतो. आतली जुनी काळपट माती चार-सहा इंच काढून ती माडांना घालावी. तळाला सहा इंच जाड काळ्या दगडाची मोठी खडी, त्यावर मुरमाचे दोन-तीन थर, प्रत्येक थर पाणी शिंपडून धुमसाने ठोकून घ्यावा, आणि सर्व मिळून आतली जमीन अंगणापेक्षा किमान एक फूट वर यावी. दारातून आत पाणी येऊ नये म्हणून उंबरठ्याला एक चिरा आडवा ठेवावा. भिंतीलगत आतल्या बाजूने दीड फूट रुंदीची चिऱ्यांची किंवा फुटक्या फरशांची पट्टी मातीच्या पातळीत बसवावी. कोंबडी त्या पट्टीवर उकरू शकत नाही, त्यामुळे पाया सुरक्षित राहतो. मध्ये तिने कितीही उकरले तरी सहा इंचांच्या गादीत ती सहसा मातीपर्यंत पोहोचत नाही. तिची ही सवय आपल्या उपयोगीही आणता येते. संध्याकाळी मूठभर भात किंवा कणी गादीच्या मधोमध पसरली की कोंबड्या ती शोधताना सगळी गादी वर-खाली करतात आणि दाताळे मारण्याचे आपले काम वाचते.

गादी बरी आहे की नाही हे हातानेच कळते. मूठभर तूस दाबून मूठ उघडावी. गोळा तसाच राहिला तर गादी फार ओली, हळूहळू सुटला तर योग्य, आणि मुळीच जमला नाही तर कोरडी. चुन्याविषयी आपण विचारलेले नाही, पण पुढच्या पत्रात विचाराल म्हणून सांगतो. चुना नव्या गादीच्या आधी, मोकळ्या जमिनीवर मारावा आणि दोन दिवसांनी तूस घालावे. ओल्या, विष्ठेने भरलेल्या गादीत चुना मिसळला तर त्यातला अमोनिया उलट झपाट्याने बाहेर पडतो, आणि कोंबड्या आत असतील तर त्यांचे हाल होतात. शेणाचे सारवण मात्र आता खुशाल सोडून द्या. कोंबड्यांच्या नखांपुढे ते आठ दिवसही टिकत नाही, हे आपणच लिहिले आहे.

प्रश्न : आमची जमीन पूर्ण काळी, भारी आहे. कोंबड्यांच्या शेडमध्ये मागच्या वर्षी मातीवर विटा अंथरल्या, त्या यंदा खाली-वर झाल्या आणि त्यांच्या फटींतून पाणी वर येते. उन्हाळ्यात याच जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मुरूम टाकावा असे सर्व जण सांगतात. किती टाकावा? – एक वाचक, नांदेड जिल्हा

उत्तर : काळी माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आकसते. आपल्या शेडच्या कडेची माती पहिल्या पावसातच भिजून फुगली, छपराखालची मधली माती मात्र कोरडीच राहिली. ही फूग सारखी नसल्यामुळे विटा उचलल्या गेल्या. त्यात आपल्या विटांचा किंवा गवंड्याचा दोष नाही, आणि विटा पुन्हा बसवल्या तरी पुढच्या वर्षी तेच होईल.

मुरमाचा सल्ला योग्य आहे, पण तो ज्या रीतीने दिला जातो ती मला धोक्याची वाटते. काळी माती दोन फूट खणून काढा आणि खड्डा मुरमाने भरा, असे सर्रास सांगितले जाते. काळ्या मातीतून पाणी सहजी निचरत नाही आणि मुरमातून ते सहज आत उतरते. म्हणजे असा खड्डा ही मुरमाने भरलेली टाकीच होते, आजूबाजूचे पाणी तीत जमा होते आणि दसऱ्यापर्यंत तेथेच राहते. म्हणून खाली खणण्यापेक्षा वर चढावे. वरची पाच-सहा इंच भुसभुशीत माती तेवढी काढावी, खालच्या तळाला एका बाजूला उतार द्यावा आणि जमिनीच्या पातळीपासून एक ते दीड फूट उंच मुरमाचा ओटा चार-चार इंचांच्या थरांनी ठोकून तयार करावा. हा ओटा शेडच्या भिंतींबाहेर सर्व बाजूंनी निदान दोन फूट यावा, म्हणजे कडेची काळी माती भिजली-वाळली तरी तिची हालचाल आतल्या जमिनीपर्यंत पोहोचत नाही. ओट्याच्या कडेला दगड लावावेत, नाहीतर पहिल्या वळवाच्या पावसातच त्या ढासळतात.

शेडला जड विटांच्या भिंती नसाव्यात. लोखंडी पाइप किंवा बांबूचा सांगाडा आणि जाळी यांना जमिनीची थोडी हालचाल सोसते. मुरूम बाहेरून आणणार असाल तर तो गौण खनिजात मोडतो, त्यामुळे परवान्याची चौकशी आधीच महसूल खात्याकडे करून ठेवावी. आपल्याकडे पाऊस कोकणाच्या मानाने बराच कमी असल्याने ओट्यावर तीन-चार इंच गादी पुरते, आणि भुईमुगाची टरफले मिळत असतील तर तीही चालतात. मात्र ती बुरशी लागलेली नसावीत.

प्रश्न : आमच्या खुराड्यात भिंतीच्या खालून बीळ करून रात्री अंडी पळवली जातात आणि एकदा दिवसाढवळ्या दोन तलंगा मारल्या गेल्या. मुंगूस असावे असे वाटते. बिळातून पावसाचे पाणीही आत येते. बिळात विषाच्या गोळ्या टाकाव्यात की सापळा लावावा? – एक वाचक, आजरा तालुका

उत्तर : आपण वर्णन केलेला प्रकार बहुधा एका प्राण्याचा नाही. मुंगूस दिवसा फिरते, त्यामुळे तलंगा त्याने मारल्या असाव्यात; रात्री बीळ उकरणारी मात्र घूस असण्याचा संभव अधिक. बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढीग असेल तर घूस नक्की समजावी. टरफलाचा तुकडाही मागे न राहता अंडी नाहीशी होत असतील तर सापाचाही विचार करावा, कारण उंदीर-घुशींच्या जुन्या बिळांतून धामण सहज आत येते. म्हणून बिळात हात घालू नये, हे वेगळे सांगायला नको, तरी सांगतो.

मुंगसाला मारणे किंवा पकडणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हा आहे. विषाच्या गोळ्यांना माझा विरोध केवळ कायद्यासाठी नाही. विष खाऊन मेलेली घूस उघड्यावर पडली की तिला कुत्रे किंवा मांजर खाते आणि कोंबड्याही चोच मारतात. एक घूस मेली तरी बीळ तसेच राहते आणि दुसरी घूस ते आयते वापरते.

उपाय जाळीचा आहे, पण तो नेहमीपेक्षा वेगळ्या रीतीने करावा. भिंतीच्या पायथ्याला बाहेरून अर्धा इंच घरांची वेल्डमेश जाळी पक्की बसवून ती जमिनीवर बाहेरच्या दिशेने दोन फूट आडवी पसरावी आणि तिच्यावर तीन इंच माती व सपाट दगड टाकावेत. उकरणारा प्राणी भिंतीच्या अगदी मुळाशीच उकरायला लागतो; तेथे जाळी लागली की तो बाजूला सरकून पुन्हा भिंतीशीच प्रयत्न करतो, दोन फूट मागे जाऊन सुरुवात करावी हे त्याला सहसा सुचत नाही. कुत्रा, कोल्हा आणि मुंगूस यांना एवढे पुरते. घूस मात्र लांबून आणि खोलवरून येऊ शकते, म्हणून जमीन नव्याने करताना मुरमाच्या थराखाली संपूर्ण खुराड्यात हीच जाळी अंथरावी. षटकोनी घरांची पातळ कोंबडीजाळी या कामासाठी घेऊ नका. ती कोंबडीला आत ठेवते, पण कुत्र्याला बाहेर ठेवण्याइतकी मजबूत नसते आणि ओल्या मातीत लवकर गंजते. वेल्डमेशही कधीतरी गंजतेच, परंतु तिला काही वर्षे तरी पाहावे लागत नाही.

बिळातून येणाऱ्या पाण्याचा मुद्दा आपण जाता जाता लिहिला आहे, पण तो महत्त्वाचा आहे. चढाच्या बाजूचे बीळ म्हणजे जमिनीखालचा पाइपच होय, आणि तो उघडा असेपर्यंत पहिल्या उत्तरात सांगितलेला चर खणूनही पाणी आत येत राहील. बीळ नुसते तोंडाशी बुजवू नये. ते वापरात आहे का हे पाहण्यासाठी संध्याकाळी तोंडाशी पाला कोंबावा. सकाळी तो तसाच असेल तर कुदळीने बीळ जाईल तितके उघडून त्यात दगड आणि मुरूम ठासून भरावा. रात्री सांडलेले खाद्य आणि अंडी खुराड्यात ठेवू नयेत. घुशी प्रथम दाण्यांसाठीच येतात, अंड्यांची चटक त्यांना नंतर लागते.

प्रश्न : बंगल्याच्या आवारात सहा कोंबड्या आहेत. त्या कढीपत्त्याच्या आणि गुलाबाच्या मुळाशी उकरून झाडे उघडी पाडतात. त्यांच्यासाठी राखेचा खड्डा करावा का? – एक वाचक भगिनी, बदलापूर

उत्तर : खड्डा करू नका, पेटी करा. खड्ड्यात पहिल्या पावसाचे पाणी साचेल आणि मग कोंबड्या पुन्हा गुलाबाकडे वळतील. दोन फूट चौरस आणि दहा इंच खोल लाकडी पेटी किंवा मोठ्या गाडीचा जुना टायर पडवीत अथवा जिन्याखाली, पाऊस येणार नाही अशा जागी ठेवावा. त्यात कोरडी बारीक माती व वाळू भरावी आणि त्यांत लाकडाची, पूर्ण थंड झालेली व चाळलेली थोडी राख मिसळावी. दगडी कोळशाची राख वापरू नये. लाकडाची राखही भिजली की दाहक होते, म्हणून भिजलेले मिश्रण लगेच बदलावे. पावसाळ्यासाठी लागणारी माती मे महिन्यातच गाळून दोन पोती भरून ठेवावी, कारण जूननंतर कोरडी माती मिळत नाही. सहा कोंबड्यांना एक पेटी पुरते; एकीचे स्नान चालू असताना दुसरी काठावर ताटकळत बसलेली दिसेल, त्याची काळजी करू नये.

झाडांच्या बुंध्याभोवती दीड फुटाच्या परिघात ओंजळीएवढे दगड दाट मांडावेत आणि त्यांच्या फटींतून पाणी घालावे. कढीपत्त्याला ते मानवते. गुलाबाला खत घालताना मात्र दगड उचलावे लागतील, आणि त्या वेळी कोंबड्या कोंडलेल्या असाव्यात, नाहीतर शेणखताचा वास लागताच त्या आपल्या आधी तेथे पोहोचतील.